झडपेखालचं पिंप

लिलेहामर, ९ जानेवारी १९७९

हाल्वोर भावजी,

इथे इस्पितळात पाय वजन लावून टांगलेला आहे, तेव्हा नमस्कार-चमत्कार राहू द्या. अक्षर वाकडं आलं तर तेही चालवून घ्या. पंपापाशी घसरून पडले तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी विसरलेले नाही. "वहिनी, साठी उलटल्यावर बर्फावर नाचायचं नसतं." मी नाचत नव्हते. ब्लेसाचं गवत भिजवायला पाणी नेत होते.

आता ते काम तुमच्या गळ्यात पडलंय. तुमचा भाऊ तोर्गेइर गेल्यापासून तबेल्याचं मी तुमच्यावर फारसं टाकलं नाही, कारण तुमचा सगळा जीव ट्रॅक्टरमध्ये. पण अंगणापलीकडे तुम्हीच राहता, दुसरं आहे कोण?

जनावरांचे डॉक्टर हेग्गे डिसेंबरात तबेल्यात आले तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात. तरी पुन्हा सांगते. गेल्या उन्हाळ्यात पावसाने गवत तारांवर धड सुकू दिलं नाही. त्याला बुरशी धरली आणि ती धूळ घोडीच्या छातीत बसली. ईस्टरपर्यंत खोकला आणि धाप उतरली तर ठीक, नाही तर तिला असं तडफडत ठेवू नका, खाटकाची गाडी बोलवा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. एकोणीस वर्षांची झाली म्हणून काय झालं? तोर्गेइरने ती शिंगरू असताना आणलेली आहे. मी नसताना ती गाडी अंगणात आलेली मला चालणार नाही.

तेव्हा नीट वाचा. गवत आधी दाताळ्याने झटकून चांगलं मोकळं करायचं. गठ्ठा तसाच बुडवला तर आत कोरडा राहतो. मग जाळीत भरायचं, ती समुद्राकडून आलेली मासेमारीची जुनी जाळी दाराशीच लटकलेली आहे. पिंपात पूर्ण बुडवून वर दगड ठेवायचा. अर्धा तास पुरे. तुम्ही आळस करून रात्रभर ठेवाल, मला माहीत आहे, पण मग गवताचा सगळा कस पाण्यात उतरतो आणि तिच्या वाट्याला चोथा येतो. निथळू द्यायचं आणि जमिनीवर ठेवून खाऊ घालायचं. उंच टांगायचं नाही. मान खाली असली की छातीतलं बाहेर पडतं. ओलं आहे तोवरच खाऊ द्या, उरलेलं वाळलं की पुन्हा धूळ. आणि पाणी दर वेळी फेकून द्या. ते कॉफीसारखं दिसतं म्हणून जपून ठेवू नका.

रोज लिहा. मला इथून पोस्टाच्या इमारतीचं छप्पर दिसतं आणि त्यावर एक कावळा बसतो. एवढंच.

आस्लाउग


मोएन, १७ जानेवारी

वहिनी,

रोज लिहा म्हणता. मी काय राजाचा चिटणीस आहे? आठवड्याला एक पत्र मिळेल, तेही पोस्टमन इथवर पोचला तर.

तुमच्या हुकमाप्रमाणे पहिल्या दिवशी अंगणात पिंप भरलं. बाहेर उणे सव्वीस. अर्ध्या तासाने दगड उचलायला गेलो तर दगड, जाळी, गवत आणि पिंप यांचं एकच झालेलं. कुऱ्हाड आणावी लागली. त्यातला एक तुकडा ब्लेसापुढे ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. असं आजवर माझ्याकडे फक्त तुम्ही पाहिलेलं आहे.

मग डोकं चालवलं. पिंप तबेल्यात आणलं आणि बरोबर माळ्याच्या जमिनीतल्या झडपेखाली ठेवलं. आता वर माळ्यावर जायचं, दाताळ्याने ढकललं की गवत थेट पिंपाशी येऊन पडतं. तिथेच झटकायचं, तिथेच जाळीत भरायचं, तिथेच बुडवायचं. घोडी शेजारी उभी असते, तिच्या उबेने पाण्यावर पापुद्रासुद्धा धरत नाही. दारही घट्ट लावून घेतो, त्यामुळे आत कसं छान राहतं. बघा, ट्रॅक्टरवाल्यालाही अक्कल असते.

खोकते अजून. एका आठवड्यात कसा जाईल?

हाल्वोर


लिलेहामर, २३ जानेवारी

भावजी,

पिंप आत नेलंत हे मी शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. "माझा दीर," म्हटलं, "पन्नाशी उलटल्यावर शहाणा होतोय." त्या हसल्या. त्यांचा पाय टांगलेला नाही, त्यामुळे त्यांना हसायला जमतं.

खरं सांगू, झडपेखाली ठेवलंत हे फार आवडलं. ती झडप तुमच्या भावाने केली तो हिवाळा आठवतो? त्याआधी आपण माळ्याच्या मागच्या दारापासून चढावरून फेरा मारून, कमरेएवढ्या बर्फातून गवत आणायचो. झडप झाल्यावर त्या वर्षी खोऱ्यातले निम्मे लोक बघायला आले होते. त्याच्या हातची ती एक वस्तू अजून रोज कामात येते, त्याचं मला बरं वाटतं.

पण "खोकते अजून" हे काय उत्तर झालं? नाकपुड्या फुगतात का? श्वास सोडताना पोटाच्या कडेला ती रेघ उमटते का? सकाळी जास्त की संध्याकाळी? मी इथे पडल्या पडल्या छताकडे बघते आणि मला तिची धाप ऐकू येते. नर्स म्हणते तो वाफेच्या नळाचा आवाज आहे. तिला काय कळतंय!

नीट लिहा. काल टपालाची वाट बघून जेवण गार केलं.

आस्लाउग


मोएन, ५ फेब्रुवारी

वहिनी,

उशीर झाला. मला जरा पडसं होतं.

नाकपुड्या फुगतात. रेघ आहे, आधीपेक्षा खोल. सकाळी जास्त. चालवलं तर अंगणाच्या मध्यावर थांबते आणि मान लांब करून उभी राहते. डॉक्टर हेग्गे मारितच्या गाईसाठी खालच्या वाडीवर आले होते, त्यांना बोलावून दाखवली. गवत भिजवताय ना, म्हणून विचारलं. हो म्हटलं. मग काहीच फरक कसा पडत नाही, म्हणाले. ईस्टरचा शब्द त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

मी सगळं तुम्ही सांगितलं तसं करतोय. पण वहिनी, जनावर आहे. त्याचंही बघायला हवं ना आपण?

पाय कसा आहे?

हाल्वोर


लिलेहामर, ९ फेब्रुवारी

भावजी,

"त्याचंही बघायला हवं." वा! महिनाभरात तुमच्या तोंडून हे येणार हे मला ठाऊक होतं. तबेला रिकामा झाला की तिथे ट्रॅक्टर छान राहील, नाही का? मोजमापसुद्धा घेऊन झालं असेल.

मारित मला भेटायला आली होती, वॅफल घेऊन. चांगली बाई आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. ती म्हणाली, तुमच्या तबेल्यात हल्ली फार उशिरा हालचाल दिसते. म्हणाली, परवा हाक मारायला गेले तर हाल्वोर दार उघडं टाकून अंगणातल्या खांबाला टेकून उभा, नुसता. घोडी आत उपाशी आणि हे बाहेर हवा खातायत!

भिजवत नाही आहात तुम्ही. कोरडं टाकता तिच्यापुढे आणि मला पत्रातून पिंपाच्या गोष्टी सांगता. नाही तर भिजवलेलं गवत खाणारी घोडी बरी व्हायची सोडून खंगेल कशी? मला उत्तर द्या. आणि खरं द्या, मला या टांगलेल्या पायाने उठून येता येत नाही याचा फायदा घेऊ नका. मला इथे रात्री झोप नाही, भावजी. रागाने नाही, भीतीने.

आस्लाउग


मोएन, १६ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा चुलीत टाकायला गेलो आणि दोनदा परत घेतलं. आता मी काय करतो ते ऐका, मग जे म्हणायचं ते म्हणा.

उठतो. कॉफी घेतो, ब्राउन चीजचा तुकडा तोंडात टाकतो आणि तबेल्यात जाऊन दार लावतो. माळ्यावर चढतो. गवत गेल्या वर्षीचं, उचललं की राखेसारखं उडतं. झडपेतून खाली ढकलतो. खाली उतरून ते दाताळ्याने झटकतो, चांगलं झटकतो, तुम्ही लिहिलंत तसं, गाठ ठेवत नाही. कंदिलाभोवती सगळं पांढरं होतं. मग ती खोकायला लागते. मग मी खोकतो. ती एकदा, मी एकदा, नुसते सवाल-जवाब. तशातच जाळी भरतो, बुडवतो, दगड ठेवतो. तोवर माझ्या छातीत काही राहिलेलं नसतं, म्हणून बाहेर जाऊन खांबाला धरून उभा राहतो. अर्धा तास तसाही थांबायचंच असतं. मारितला सांगा, मी हवा खात नव्हतो, शोधत होतो.

मग आत येऊन पाणी निथळवतो आणि गवत जमिनीवर ठेवतो. ती खाते. ती खात असताना मी तिच्या मानेला टेकून उभा असतो, कारण तेव्हा आम्हा दोघांनाही जरा बरं वाटतं. ट्रॅक्टरच्या मानेला कधी टेकलो नाही, हे तुम्ही लिहून ठेवा.

एकही दिवस कोरडं घातलेलं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

हाल्वोर


लिलेहामर, १९ फेब्रुवारी

भावजी,

विश्वास ठेवला. आणि तुमची माफी मागते, पण ती नंतर सावकाश मागेन, आधी हे करा. पत्र वाचून झालं की लगेच करा, कॉफी नंतर घ्या.

ब्लेसाला तबेल्यातून बाहेर काढा. झडप खिळे मारून बंद करा. तुम्ही माळ्यावर पाय ठेवू नका.

पत्र तीनदा वाचलं तेव्हा मला दिसलं. कंदिलाभोवती सगळं पांढरं होतं म्हणता, ते पांढरं म्हणजेच तिचा आजार. आपण तिला ओला घास देतो, पण तो ओला करायच्या आधी तीच धूळ तिच्या तोंडावर उधळतो, दार लावून. ती खाते ते भिजलेलं असतं. श्वासात घेते ते कोरडंच असतं. आणि तिच्याबरोबर तुम्हीही घेता. झटकून मोकळं करा हे मीच लिहिलं. मी पडण्याआधी ते बाहेर, वाऱ्यात करत होते. तुम्ही चार भिंतींत केलंत, कारण बाहेर पाणी गोठत होतं, आणि मी इथे पडून त्याचं कौतुक केलं. त्या शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं!

आणखी एक. तोर्गेइर शेवटच्या हिवाळ्यांत सकाळी तबेल्यातून आला की त्याच खांबाला धरून उभा राहायचा. आठवतं तुम्हाला? आपण म्हणायचो, तंबाखूचा पाइप. डॉक्टर म्हणाले पाइप, पाद्रीबाबा म्हणाले पाइप. पण उन्हाळ्यात ब्लेसा कुरणावर असायची तेव्हा तो बाकावर बसून दिवसभर पाइप ओढायचा आणि कधी खोकायचा नाही. एवढी साधी गोष्ट. मी त्याच्या शेजारी बसून मोजे विणत होते आणि मला दिसली नाही.

काल दिवसभर रडले. नर्सला वाटलं पाय दुखतोय. भावजी, मला त्याचा राग आलाय, की त्याने ती झडप इतकी चांगली का केली. आणि राग आला म्हणून पुन्हा रडू आलं.

झडप बंद करा. तुम्हाला ती त्याची म्हणून वाईट वाटेल. तरी करा.

आस्लाउग


मोएन, ४ मार्च

वहिनी,

घोडीला त्याच दिवशी बाहेर काढली. घसरगाड्या ठेवायच्या पडवीत बांधली आहे, तिथे तीन भिंती आहेत आणि दक्षिणेकडून मोकळं आहे. खाली पेंढ्याऐवजी भुसा घातला, अंगावर भावाचं जुनं लोकरी घोंगडं. पहिल्या दिवशी ती तबेल्याच्या दाराकडे बघून खिंकाळत होती. मीही बघत होतो, फक्त खिंकाळलो नाही.

झडपेचं मात्र लगेच झालं नाही, ते लपवत नाही. खिळे खिशात घालून फिरत होतो. बिजागऱ्या कशाच्या आहेत माहीत आहे ना? ब्लेसाच्या आधीच्या घोडीच्या जुन्या साजाच्या चामड्याच्या. त्याने मला दिवा धरायला लावला होता आणि दिवा हलला म्हणून शिव्या दिल्या होत्या. शेवटी मारितच्या नवऱ्याला माळ्यावर पाठवलं. त्याने वरून फळ्या ठोकल्या आणि मी खाली उभा राहून ऐकलं. त्याला म्हटलं, खिळे सरळ मार. आता कशाला, म्हणाला. मार सरळ, म्हटलं.

आता गवत तोच माळ्याच्या मागच्या दाराने चढावर काढतो, तोंडाला ओलं फडकं बांधून. झटकायचं बंद. सैल हाताने जाळीत भरायचं आणि आधी वरून तांब्याने पाणी शिंपडायचं, मग बुडवायचं. पाणी तुमच्या चुलीवर कोमट करतो. जाळी दोन पोत्यांत गुंडाळून पडवीत नेतो आणि थोडं थोडं घालतो, म्हणजे गोठायच्या आत खाऊन होतं. दिवसभर घर आणि पडवी, घर आणि पडवी. तुमच्या स्वयंपाकघराची जमीन ओली आहे. येईपर्यंत वाळेल.

खोकला अजून आहे. पण काल मी गेलो तेव्हा ती आडवी झोपली होती. खूप दिवसांत झोपली नव्हती. मला वाटलं, गेली. जवळ जाऊन बघतो तर घोरतेय.

हाल्वोर


लिलेहामर, ९ मार्च

भावजी,

घोरतेय हे वाचून मी इतक्या मोठ्याने ओरडले की दोन नर्स धावत आल्या.

पायाचं वजन काढलं. कुबड्या घेऊन दारापर्यंत जाते आणि परत येते, तुमच्या घर-पडवीसारखी. ब्लेसाचं तुम्ही लिहिलंत. तुमचं लिहिलं नाहीत. तुम्ही रात्री झोपता का? आडवे?

उत्तर द्या. तुमच्या छातीतलं मला इथून ऐकू येत नाही, आणि नळाचा आवाज आता मला फसवत नाही.

आस्लाउग


मोएन, ११ एप्रिल

वहिनी,

मी बसून झोपतो. मार्चात विचारलंत, त्याचं उत्तर आता देतो. महिनाभर सांगितलं नाही, कारण तुम्ही कुबड्या टाकून निघाला असता.

डॉक्टर हेग्गे आज आले, ईस्टरच्या आधी. मी सकाळपासून तिला खरारा करत होतो, जणू तिला लग्नाला न्यायचंय. खाटकाचा नंबर त्यांनी कागदावर लिहून आणला होता, खिशातून वर आलेला मला दिसला. त्यांनी तिच्या बरगड्यांना कान लावला. या बाजूने, त्या बाजूने. मग म्हणाले, चढावर पळव. पळवली. मी खालीच उभा राहिलो, मारितच्या नवऱ्याने पळवली. वर जाऊन आली, थांबली आणि त्यांच्या कोटावर मनसोक्त शिंकली. त्यांनी कोट पुसला, खिशातला कागद काढला आणि त्यालाच नाक पुसलं. "म्हातारी राहतेय," म्हणाले. "पडवीतच राहू दे आणि गवत ओलंच राहू दे, जन्मभर."

वहिनी, मी तिच्या मानेत तोंड खुपसून रडलो. तिथे डॉक्टर आणि मारितचा नवरा उभे होते, तरी.

मग म्हणाले, "हाल्वोर, स्वेटर वर कर." मी म्हटलं, मी घोडा नाही. "तेच म्हणतोय," म्हणाले, "घोड्याचं मला कळतं. तुझं लिलेहामरला बघतील." कान लावून ऐकलं मात्र त्यांनी, आणि बराच वेळ ऐकलं. सुट्ट्या संपल्या की मला तिकडे पाठवतायत. म्हणजे तुम्ही निघणार आणि मी येणार. खाट तापलेली ठेवा.

हाल्वोर


मोएन, २९ एप्रिल

हाल्वोर भावजी,

स्टेशनवर तुम्ही गाडीतून उतरताना मी चढत होते, एवढंसं बोलणं झालं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, जाळी पोत्यात गुंडाळा," आणि गाडी सुटली. दुसरं काही बोलायचं सुचलं नाही का? मलाही सुचलं नाही म्हणा. मी म्हणाले, "कावळ्याला पाव घाला."

तुमच्या खाटेवरून लिहिलेलं पत्र आलं. चार पानं, त्यातली साडेतीन गवताची. पाणी किती कोमट, शिंपडायचं कुठून, जाळी भरताना श्वास कुठे सोडायचा. मला शिकवताय होय? माझंच मला, आणि वर दोनदा अधोरेखित करून! मारित वाचून इतकी हसली की वॅफल सांडले. पण भावजी, सगळं तसंच करतेय. कुबडी बगलेत, तांब्या हातात. ब्लेसा ओलं गवत खाते आणि मध्येच तोंड वर करून तुमच्या दाराकडे बघते, मग पुन्हा खाते. खोकत नाही.

उरलेल्या अर्ध्या पानात तुम्ही लिहिलंय की डॉक्टर म्हणतात छाती बरीच सुधारेल, पण पुन्हा कोरड्या गवताला हात लावायचा नाही, आणि मग या वाडीवर तुमचा काय उपयोग. हे वाचून मी तबेल्यात गेले. रिकामा आहे, पिंप तसंच खाली पडलंय. वर बघितलं. खिळे अगदी सरळ आहेत.

तोर्गेइरला आपण इथून बाहेर काढलं नाही, भावजी. रोज सकाळी कॉफी देऊन आत पाठवत राहिलो. ब्लेसाला बाहेर काढलं, तुम्हालाही काढलं. तेव्हा उपयोगाचं मला विचारू नका, त्याचा हिशोब मी कधीच केलेला नाही. बरे होऊन घरी या. तबेल्यात तुमचा ट्रॅक्टर लावा, मीच सांगतेय. ब्लेसाचं गवत मी भिजवीन, आणि तुम्ही बाकावर बसून मला चुका दाखवा.

आस्लाउग